चाल कुणाची?

जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रती वर्गात हाताळायला दिल्या, की विद्यार्थ्यांचे लक्ष हटकून एका गोष्टीकडे जाते. पदाच्या डोक्यावर बारीक टायपात राग-ताल दिलेला असतो आणि त्याच्या जोडीला 'चाल' असा शब्द घालून एखाद्या भलत्याच गाण्याचे पहिले दोन-चार शब्द. ते गाणे कधी कानडी असते, कधी लावणी, कधी हिंदुस्थानी चीज. पूर्वीचे विद्यार्थी याचा अर्थ विचारीत. हल्लीचे हसतात. "म्हणजे ही सगळी उचलेगिरीच म्हणायची की, सर!" असा उद्गार आमच्या एका विद्यार्थिनीने काढला आणि वर्गात खसखस पिकली. ही मुलगी रॉक संगीताची चाहती. लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडची कोणती गाणी कुणाकडून घेतली गेली, याची यादी तिला तोंडपाठ होती. त्या यादीच्या शेजारी तिने किर्लोस्करांचे 'शाकुंतल' नेऊन ठेवले आणि दोन्हींत फरक काय, असा सरळ प्रश्न केला.

आम्ही त्या तासाला जे उत्तर दिले ते आमचे आम्हालाच पटले नाही. काळ निराळा होता, संकेत निराळे होते, कलेत देवघेव चालायचीच, असे काहीसे आम्ही बोललो. मराठीचा मास्तर अडचणीत सापडला की 'तो काळ'च त्याच्या मदतीला धावून येतो. प्रश्न मात्र तिथेच राहिला होता.

तिच्या यादीपासूनच आरंभ करतो. लेड झेपेलिन हा बँड १९६८ साली लंडनमध्ये जमला. (त्याच वर्षी पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उभे राहिले, योगायोगाला अर्थ नसतो, पण तो आठवल्याशिवाय राहवत नाही.) साठच्या दशकाच्या अखेरीस रॉक संगीताचा जो भारदस्त, घनगंभीर नाद घडला, त्यात या चौघांचा वाटा फार मोठा आहे, हे त्यांचे विरोधकही नाकारत नाहीत. पण त्यांच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांवर श्रेयाच्या ओळीत जी नावे छापली गेली, ती पुढे एकामागून एक वादात सापडली. 'होल लॉटा लव्ह' हे १९६९ चे गाणे विली डिक्सन या कृष्णवर्णीय ब्लूज रचनाकाराच्या 'यू नीड लव्ह' या गाण्यावर आधारलेले होते. डिक्सनचे गाणे मडी वॉटर्सने १९६२ साली मुद्रित केलेले. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि त्याचे नाव श्रेयात आले. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' हे गाणे जेक होम्स या गायकाने १९६७ मध्येच त्याच नावाने मुद्रित केले होते. तो न्यायालयात गेला २०१० साली. मिसिसिपीचा पूर आणि फुटलेला बांध यांवरचे मेंफिस मिनी आणि कॅन्सस जो यांचे १९२९ चे गाणे बँडने १९७१ मध्ये घेतले. तेथे मात्र मेंफिस मिनीचे नाव ध्वनिमुद्रिकेवर सुरुवातीपासून आहे. म्हणजे नाव देता येते हे त्यांना ठाऊक होते.

या सगळ्यांत आम्हाला अधिक विचार करायला लावले ते एका मवाळ, बिनभांडणाच्या प्रकरणाने. 'बेब, आय'म गॉना लीव्ह यू' हे गाणे पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत आहे. बँडने ते जोन बाएझच्या ध्वनिमुद्रणावरून उचलले आणि श्रेयाच्या जागी छापले: 'पारंपरिक', संयोजन जिमी पेज. वस्तुतः ते अॅन ब्रेडन नावाच्या एका स्त्रीने पन्नासच्या दशकाच्या अखेरीस रचलेले गाणे होते. बाई हयात होत्या, कॅलिफोर्नियात राहत होत्या आणि आपले गाणे जगभर वाजते आहे याचा त्यांना वर्षानुवर्षे पत्ताच नव्हता. १९९० च्या सुमारास त्यांचे नाव श्रेयात आले. येथे कुणी दुष्टपणा केला असे म्हणवत नाही. कर्ता ठाऊक नव्हता, म्हणून 'पारंपरिक' म्हटले, इतकेच. पण 'ठाऊक नाही' आणि 'कुणीच नाही' यांत जे अंतर आहे, ते 'पारंपरिक' हा शब्द बिनबोभाट पुसून टाकतो. आपल्याकडे लोकगीतांच्या ध्वनिफितींवर हा शब्द किती सढळ हाताने छापला गेला, हे ज्याचे त्याने आपल्या घरातील खोका उघडून पाहावे.

आता सर्वांत गाजलेला खटला. 'स्टेअरवे टू हेवन' (१९७१) या गाण्याच्या आरंभीची गिटारची सुरावट स्पिरिट या अमेरिकन बँडच्या 'टॉरस' (१९६८) या वाद्यरचनेवरून घेतली, असा हा दावा. 'टॉरस'चा रचनाकार रँडी कॅलिफोर्निया १९९७ च्या जानेवारीत हवाईच्या समुद्रात आपल्या मुलाला वाचवताना बुडून मेला. त्याच्या नावाच्या न्यासाने २०१४ मध्ये खटला भरला. १९६८ च्या डिसेंबरात लेड झेपेलिनचा पहिला अमेरिकन दौरा सुरू झाला तेव्हा दोन्ही बँड एकाच कार्यक्रमात वाजवले होते. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने निर्णय दिला: बँडच्या कानावर 'टॉरस' पडले असावे, पण दोन रचनांत कायद्याला हवे तितके साम्य नाही. पुढे अपिलात एकदा उलट आणि मग २०२० च्या मार्चमध्ये पूर्ण पीठासमोर पुन्हा सुलट, असा प्रवास होऊन ज्यूरीचा निर्णय कायम राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात पडायचे नाकारले.

निकालाबद्दल आमची तक्रार नाही. अर्ध्याअर्ध्या स्वरांनी खाली उतरत जाणारी ती खर्जातील ओळ पाश्चात्त्य संगीतात फार जुनी आहे. सतराव्या शतकात पर्सेलने ती वापरली, आणि बचावपक्षाच्या तज्ज्ञाने तर १९६४ च्या एका बालचित्रपटातील गाण्याचाही दाखला दिला. यमनचा आरोह जसा कुणाच्या मालकीचा नाही, तशीच ती ओळही नाही. पण या खटल्यातील एक तपशील साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. 'टॉरस'चे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ज्यूरीला ऐकवले गेले नाही. त्या रचनेला लागू असलेला कायदा होता १९०९ चा, आणि त्यानुसार संरक्षण मिळते ते सरकारी दप्तरात जमा केलेल्या स्वरलिपीच्या कागदाला. 'टॉरस'चा तो कागद होता एक पानाचा. तेव्हा तज्ज्ञांनी त्या पानावरून जे वाजवून दाखवले तेवढेच ज्यूरीने तुलनेसाठी ऐकले. ज्या गाण्याने भांडण लागले ते लोकांच्या कानांत होते. न्याय झाला तो कागदाचा.

हे वाचून अमेरिकन कायद्याला हसण्याचे कारण नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'संगीतकृती'ची जी व्याख्या होती, तीत रचना छापलेली, लिहिलेली किंवा अन्य रीतीने आलेखित केलेली असणे आवश्यक होते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने याच व्याख्येच्या आधारे हे स्पष्ट केले आणि त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात जागा नसल्याची खंतही नोंदवून ठेवली. ही अट गेली १९९४ च्या दुरुस्तीने. म्हणजे ज्या देशाचे अवघे संगीत गळ्यातून गळ्यात गेले, त्या देशात सदतीस वर्षे गळ्यातील चाल कायद्याच्या दृष्टीने संगीतकृतीच नव्हती! कलावंतांच्या नैतिक हक्काचा उल्लेख तर २०१२ च्या दुरुस्तीत आला.

आता 'शाकुंतल'कडे वळू. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात, बुधवार पेठेतील आनंदोद्भव नाट्यगृहात, पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला आणि मराठी संगीत रंगभूमी उभी राहिली असे आपण शिकवतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म गुर्लहोसूरचा. कानडी मुलखातले गाणे त्यांच्या कानात लहानपणापासून मुरलेले. साकी, दिंडी, कामदा हे छंद, लावणीचे ढंग, कानडी पदांच्या चाली, कीर्तनातील वळणे, असे सगळे त्यांनी एकत्र आणले. यांतील बहुतेक चाली प्रेक्षकांच्या ओळखीच्या होत्या, आणि त्या ओळखीच्या असणे हाच नव्या नाट्यप्रकाराचा पाया होता. ओळखीच्या चालीवर कालिदास ऐकू आला म्हणून तो लोकांना आपला वाटला. प्रत्येक चालीसाठी परवानगी मागायची ठरली असती तर 'शाकुंतल' झालेच नसते, हे आम्ही विद्यार्थिनीला सांगितले होते आणि ते आजही खरे मानतो.

पुढील पिढीत चालींचा उगम बदलला. १९११ च्या 'मानापमाना'त खाडिलकरांच्या पदांना गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, तेव्हा पूरब अंगाच्या ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या मराठी रंगमंचावर आल्या. १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी घराणेदार ख्यालाच्या बंदिशी आणल्या. बुवांनी बडोद्याचे फैजमहंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडून विद्या घेतलेली. त्या तिन्ही दालनांच्या किल्ल्या त्यांच्या कनवटीला होत्या. त्यांनी त्या नाटकासाठी वापरल्या आणि महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला ख्यालगायनाची गोडी लागली. जो गृहस्थ ठुमरी ऐकायला कोठ्यावर कधी गेला नसता, तो ती बालगंधर्वांच्या तोंडून सहकुटुंब ऐकू लागला.

हे सारे उघड होते. पुस्तकात 'चाल' म्हणून मूळ गाणे छापलेले. १९६९ साली लंडनमध्ये जे झाले नाही ते पुण्यामुंबईच्या छापखान्यांत कित्येक दशके आधी नित्यनेमाने होत होते. मराठी नाटककाराने उसनवारी लपवली नाही. ती पदाच्या कपाळावर लिहिली. ज्या कुणाला आमची रंगभूमी चोरीवर उभी आहे असे वाटते त्याने आधी या बारीक टायपातल्या ओळीला दाद द्यावी.

पण ती ओळ नीट वाचली, की आमची मान थोडी खाली जाते. त्या ओळीत गाण्याचे नाव आहे, गाणाऱ्याचे वा रचणाऱ्याचे नाही. चीज कोणाची, कोणाकडून आली, कोणत्या बाईने कोणत्या बैठकीत ती गायली, याचा तेथे मागमूस नाही. आणि याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. आपल्या बंदिशीत रचनाकाराचे नाव सांगण्याची एक जुनी सोय होती: मुद्रा. नियामत खाँ 'सदारंग' म्हणून आपल्या ख्यालात हजर असतो. फैयाज खाँ 'प्रेमपिया' म्हणून, आणि ज्यांनी असंख्य बंदिशी गोळा करून मराठी क्रमिक पुस्तकांत स्वरलिपीसह छापल्या ते भातखंडे स्वतःच्या रचनांत 'चतुर' म्हणून. ही मुद्रा शब्दांत असते, बहुधा अंतऱ्यात. नाट्यपद रचताना चाल राहते आणि शब्द जातात. म्हणजे मराठी पद बसवताना पहिल्यांदा काय पुसले जात असेल तर नेमके ते कर्त्याचे नाव! आणि 'चाल' या ओळीत उद्धृत होतो तो मुखडा. मुद्रा जेथे असते तो अंतरा नव्हे. कोणी हेतुतः हे केले नाही. पण व्यवस्थाच अशी की चाल पोचती होते आणि नाव वाटेत गळते.

याच काळात गौहर जानची ध्वनिमुद्रणे होत होती. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी ज्या थोड्यांनी पहिल्यांदा गायले त्यांत ती होती, आणि गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचे नाव खणखणीत आवाजात सांगे. परदेशात तबकडी तयार करणाऱ्या तंत्रज्ञाला चिठ्ठीवर काय छापायचे ते कळावे, हा त्यामागचा व्यवहार. पण आम्हाला ती घोषणा ऐकताना नेहमी वाटते की या बाईला काही तरी पक्के ठाऊक होते. चाल मागे राहील. नावाची खात्री नाही.

अर्थात मुद्रेलाही हात लावता येतो. तुकोबांच्या काळी सालोमालो नावाचा एक इसम तुकोबांच्या अभंगांत स्वतःचे नाव घालून ते गात असे, ही हकीकत परंपरेत चालत आलेली आहे, आणि गाथेतील काही अभंगांत तुकोबांनी त्याचा नावानिशी समाचार घेतला आहे. देहूच्या परिसरातील हा आमचा सर्वांत जुना चाल-शब्द-चोरीचा खटला. तेथे न्यायालय नव्हते, पण फिर्यादी असा होता की आरोपीचे नाव साडेतीनशे वर्षे कुप्रसिद्ध राहिले. याच्या उलट प्रकारही होतो. नामदेवांच्या गाथेत विष्णुदासनाम्याची किती पदे शिरली आहेत याचा निवाडा अभ्यासकांना अजून घाम फोडतो. सदारंगाच्या मुद्रेने चालणाऱ्या सगळ्याच चिजा सदारंगाच्या नाहीत. कोणी दुसऱ्याचे आपल्या नावावर खपवतो, कोणी आपले दुसऱ्याच्या नावावर अर्पण करतो. दुसऱ्या प्रकाराला कायद्यात कलम नाही.

साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे राजशेखर आठवला असेलच. दहाव्या शतकातील हा पंडित आमचाच म्हणायला हरकत नाही. आपल्या पूर्वजाला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. 'काव्यमीमांसे'त त्याने हरणाची, म्हणजे काव्यातील उचलेगिरीची, सविस्तर मीमांसा केली आहे. प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य, तुल्यदेहितुल्य आणि परपुरप्रवेशसदृश अशा चार पायऱ्या तो लावतो: आरशातील प्रतिमेसारखे तंतोतंत, चित्रासारखे थोडे सजवलेले, दोन निराळ्या माणसांच्या चेहऱ्यांसारखे, आणि मूळ एक असूनही सजावटीत पार दूर गेलेले. त्याच्याआधी आनंदवर्धनाने पहिल्या तिघांचा विचार करून तिसऱ्याला मोकळीक दिली होती, कारण तेथे देह सारखा असला तरी आत्मा आपला असतो. लॉस एंजेलिसच्या ज्यूरीला याहून नेटके निकष मिळाले असते असे आम्हाला वाटत नाही. 'स्टेअरवे'चा आरंभ फार तर तुल्यदेही. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' मात्र आलेख्याच्या पुढे सरकत नाही.

पण राजशेखराच्या ग्रंथातील खरा विस्तव दुसरीकडे आहे. चोरीचा डाग काळाबरोबर पुसट होतो, शब्दांच्या चोरीचा मात्र नातवंडांपर्यंत पुरतो, असे आचार्यांचे मत देऊन झाल्यावर तो आपली विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत नोंदवतो. हरण कधी करता येते याची ती कारणेच मोजते. मूळ कवी अप्रसिद्ध आहे आणि मी प्रसिद्ध. त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. त्याची वाणी गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षासारखी. हे जाणणारे लोक आता उरले नाहीत. याचा कर्ता दूरदेशीचा. याचे मूळ म्लेंच्छ भाषेत. ती हे उपरोधाने म्हणते की गंभीरपणे, हे ठरवणे कठीण आहे. आम्ही वर्षानुवर्षे ते मौजेने शिकवत आलो. या वेळी ती यादी वाचताना मात्र मौज वाटेना. शिकागोचा विली डिक्सन दूरदेशीचा. जेक होम्स अप्रसिद्ध. अॅन ब्रेडनला जाणणारे कोणी जवळपास नव्हते. कोठ्यावरची ठुमरी अप्रतिष्ठित, कानडी पद परभाषेतले, तमाशातली चाल गावकुसाबाहेरची. हजार वर्षांपूर्वीच्या त्या यादीत गुणवत्तेचा मुद्दा एखादाच. बाकी सारी गणना कोण वर आहे आणि कोण खाली, याची.

आमच्या मते फरक पडतो तो येथे. साम्य किती, याचा काथ्याकूट करून चोरी ठरत नाही. कोणाचे घेतले आणि ज्याचे घेतले त्याला उलटून विचारण्याची ताकद होती काय, हे पाहिल्याशिवाय निवाडा अपुरा राहतो. भास्करबुवांनी आपल्या उस्तादांची बंदिश घेतली तेव्हा शिष्य या नात्याने ती त्यांना मिळालेली होती. त्यासाठी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे मोजली होती. तेथे चोरी म्हणणे हा उद्धटपणा ठरेल. तबकडीवरून वा बैठकीतून कानाने टिपलेल्या चालीबद्दल आमची खात्री तितकी ठाम नाही.

बर्टोल्ट ब्रेख्टची गोष्ट या संदर्भात पुणेकरांना जवळची. जॉन गे याने १७२८ मध्ये लंडनच्या रस्त्यांवरील चाली घेऊन 'बेगर्स ऑपेरा' रचला. त्यावरून १९२८ साली बर्लिनमध्ये ब्रेख्ट आणि कुर्ट व्हाइल यांचा 'थ्री पेनी ऑपेरा' आला. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड केर या समीक्षकाने दाखवून दिले की त्यातील व्हियोंच्या कवितांच्या पंचवीस ओळी के. एल. आमर याच्या जर्मन अनुवादातून जशाच्या तशा उचलल्या आहेत. ब्रेख्टने उत्तर दिले की बौद्धिक मालमत्तेच्या बाबतीत आपण मुळातच ढिले आहोत. हे उत्तर आम्हाला तरुणपणी फार क्रांतिकारक वाटे. पुढे कळले की गेच्या नाटकाचा जर्मन अनुवाद ज्या एलिझाबेथ हाउप्टमनने केला, आणि ज्या 'अलाबामा साँग'ला डोअर्स या बँडने १९६७ मध्ये रॉकच्या जगात नेले त्याचे इंग्रजी शब्दही जिचे मानले जातात, तिचे नाव फलकावर नीट कधी झळकलेच नाही. मालमत्तेविषयीचा ढिलेपणा कोणाच्या मालमत्तेविषयी होता, हे मग विचारावेसे वाटू लागले. याच नाटकाचा पु. ल. देशपांड्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' केला. पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने १९७८ मध्ये, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली, तो रंगमंचावर आणला. त्यात नाट्यपदाचा बाज होता, लावणीचा होता आणि नंदू भेंड्यांचा अस्सल रॉक गळाही होता. उसनवारीची अडीचशे वर्षांची साखळी, पण पु. लं.नी मूळ कोणाचे हे कधी झाकले नाही.

हिंदी चित्रपटसंगीतातील नकलांविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याची आमची इच्छा नाही. एवढेच नोंदवतो की २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राम संपत यांच्या जाहिरातीतील सुरावट 'क्रेझी फोर'मध्ये वापरल्याबद्दल हरकत ग्राह्य धरली आणि प्रकरण तडजोडीने मिटले. चाल उचलली तर किंमत पडते, हे उद्योगाला त्या दिवशी कळले. बंदिशीचा प्रश्न मात्र त्याहून नाजूक. 'वीरा राजा वीरा' या ए. आर. रहमान यांच्या गाण्यावर डागर घराण्याच्या 'शिवस्तुती'वरून हक्क सांगितला गेला, तेव्हा २०२५ च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. खंडपीठाचा मुद्दा असा की कोणी ती रचना गायली एवढ्यावरून तोच तिचा कर्ता, असे मानता येणार नाही. कायद्याने पाहता मुद्दा चुकीचा नाही. पण ज्या परंपरेत रचणे आणि गाणे यांच्यामध्ये भिंतच नाही, तिला हा प्रश्न विचारला की ती गप्प होते. कागद मागितला की गळा नेहमी गप्प होतो.

लेड झेपेलिनच्या पेज आणि प्लांट यांनी १९७२ च्या ऑक्टोबरात मुंबईत येऊन काही भारतीय वादकांबरोबर आपली दोन गाणी मुद्रित केली होती. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये. गाण्यांच्या नावांपुढे लिहिले आहे: बॉम्बे ऑर्केस्ट्रा. सारंगी कुणाची, तबला कुणाचा, हे त्या दोन शब्दांत मावलेले नाही. आमची विद्यार्थिनी याच बँडची चाहती, तिने आम्हाला ते ऐकवले आणि म्हणाली, "सर, हेसुद्धा 'चाल' लिहिण्यासारखंच झालं. कुठलं ते कळतं, कुणाचं ते नाही."

जेक होम्सच्या दाव्यात २०११ मध्ये तडजोड झाली. त्यानंतर २०१२ साली निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेवर 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'च्या श्रेयात पेजच्या नावाला जोडून, जेक होम्सपासून प्रेरित, अशी ओळ आली. पंचेचाळीस वर्षांनी आलेली ही ओळ म्हणजे आमच्या नाटकांतील 'चाल'च आहे. फक्त तीत माणसाचे नाव आहे.

या वर्षी आमच्या विभागाने जुन्या नाटकांतील सात पदांचा एक छोटा कार्यक्रम बसवला. कार्यक्रमपत्रिका त्या विद्यार्थिनीकडे होती. प्रत्येक 'चाल'पाशी दिलेल्या मूळ चिजेचा अंतरा तिने शोधायचे ठरवले. दोन महिने ती क्रमिक पुस्तके, जुने गवई आणि तबकड्यांचे संग्राहक यांच्यामागे हिंडली. सातांपैकी दोन चिजांत तिला मुद्रा सापडली आणि तिने ती नावे पत्रिकेत पदकर्त्याच्या नावाइतक्याच मोठ्या टायपात घातली. उरलेल्या पाच ठिकाणी 'पारंपरिक' घालावे, असे आम्ही सुचवले. तिने ऐकले नाही. त्या पाच ओळींत 'रचना' या शब्दापुढे तिने टिंबे छापली आहेत.